तासांचा व्यापार

हर्सूलहून जटवाड्याकडे वळणारा रस्ता रविवारी सकाळी लवकर जागा होतो. संकटहर पार्श्वनाथांच्या दर्शनाला निघालेली कुटुंबे, मागच्या आसनावर पूजेची पेटी सांभाळून बसलेल्या आजी आणि अर्धवट झोपेतली नातवंडे हे तिथले नेहमीचे दृश्य. एकेकाळी हर्सूल म्हटले की छत्रपती संभाजीनगरच्या लोकांना तलाव आणि मध्यवर्ती कारागृह एवढेच आठवे. आता जाधववाडीच्या बाजार समितीत आडत, जुन्या शहरात भावाचे दुकान आणि हर्सूलकडे राहते घर अशी विभागणी नवलाची राहिलेली नाही.

अशा एखाद्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. धान्याची आडत तीन पिढ्यांची. नात संगणक शाखेची अभियंता झाली आणि अंतिम वर्ष संपण्याआधीच एका सॉफ्टवेअर सल्लागार कंपनीचे नेमणूकपत्र तिच्या मोबाइलवर आले. घरात पेढे वाटले गेले. संध्याकाळी दुकानातून परतलेल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, “पॅकेज किती?” तिने उत्तर दिले, “तीन साठ.” आजोबांनी मनातल्या मनात बाराने भागले आणि म्हणाले, “म्हणजे महिन्याला तीस हजार.” मग घटकाभर कोणीच काही बोलले नाही. चार वर्षांची फी त्या खोलीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होती.

समाजातील कितीतरी घरांत हे मौन दरवर्षी पसरते. त्यातून दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, एवढे शिकून शेवटी चाकरीच. दुसरी म्हणते, मोठ्या कंपनीचे नाव लागले, आता काळजी मिटली. दोन्ही घाईच्या आहेत. ज्या धंद्यात ही मुलगी पाऊल टाकत आहे तो धंदा आडतीच्या गादीवर बसलेल्या माणसाला त्याच्या कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक समजणारा आहे. फक्त त्याला कोणी मालाचे नाव सांगितलेले नसते.

या व्यवसायाच्या उगमाशीही एक परिचित आडनाव आहे. नरेंद्र पाटणी यांनी रुरकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि पुढे ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत शिकले. पाटणी हे आडनाव संभाजीनगरच्या खंडेलवाल जैन समाजाला परके नाही. १९७२ च्या सुमारास पाटणी आणि त्यांच्या पत्नी पूनम यांनी अमेरिकेत एक लहानसा उद्योग मांडला. तिकडची कागदपत्रे भारतात पाठवायची, इथे ती संगणकाला वाचता येतील अशा रूपात उतरवून घ्यायची आणि परत पाठवायची, असे त्याचे स्वरूप होते. इतक्या लांबून काम होईल का, याची परीक्षा त्यांनी म्हणे घरातच घेतली. एक खोली अमेरिका, दुसरी भारत. एका खोलीतून दुसरीत तोंडी बोलायचे नाही, जे सांगायचे ते केवळ लिहून. ज्यांनी परगावच्या व्यापाऱ्याशी पोस्टकार्डावर सौदे केले, त्यांच्या नातवंडांना ही युक्ती ऐकून हसू येऊ नये. शब्द चुकला तर वॅगनभर माल चुकतो, हे पोस्टकार्डाच्या पिढीला ठाऊक होते.

पुढे १९७८ मध्ये पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स उभी राहिली. तिच्या सॉफ्टवेअर विभागाची धुरा नारायण मूर्ती यांच्याकडे होती. १९८१ मध्ये मूर्ती आणि त्यांचे सहा सहकारी बाहेर पडले आणि सुधा मूर्ती यांनी दिलेल्या १०,००० रुपयांच्या बळावर त्यांनी पुण्यात नवी कंपनी काढली. तिचे मूळ नाव इन्फोसिस कन्सल्टंट्स असे होते. १९६८ पासून मुंबईत काम करणाऱ्या टाटांच्या कंपनीच्या नावातही कन्सल्टन्सी हा शब्द आहेच. पाटणींची कंपनी २०११ मध्ये आयगेटने घेतली आणि २०१५ मध्ये आयगेट फ्रान्सच्या कॅपजेमिनीत विलीन होण्याच्या मार्गाला लागली. पेढीची पाटी बदलते, धंदा चालू राहतो.

या कंपन्या नेमके काय विकतात? बहुतेक पालकांना वाटते, सॉफ्टवेअर विकतात. काही प्रमाणात ते खरेच आहे. परंतु सल्लागार कंपनीचा मुख्य माल म्हणजे माणसाचे तास. अमेरिकेतील एखाद्या बँकेला किंवा विमा कंपनीला आपली जुनी संगणक व्यवस्था दुरुस्त करायची असते, नवी बसवायची असते, रोज चालती ठेवायची असते. त्यासाठी लागणारी माणसे ही कंपनी पुरवते आणि त्यांच्या तासांचे बिल लावते. ठरावीक रकमेचे ठेके असतात, तिथेही आतला हिशेब तासांचाच असतो. भारतात बसून होणाऱ्या सर्वसाधारण कामाला ताशी वीस-पंचवीस डॉलर हा बाजारातला ओळखीचा दर आहे. महिन्याचे १६० तास धरले आणि २० डॉलरचा दर लावला, तर बिल ३,२०० डॉलरचे होते. डॉलरला ८५ रुपये धरले तरी ही रक्कम पावणेतीन लाखांच्या घरात जाते. ते तास देणाऱ्या नव्या मुलीला महिन्याला तीस हजार.

येथे आजोबांची भुवई उंचावणार. मधला फरक जातो कुठे? तो सगळा नफा नसतो. वरिष्ठांचे पगार, परदेशातील विक्रीची माणसे, इमारती, प्रशिक्षण, बिल न लागलेल्या माणसांचा खर्च हे सारे त्यातून वजा होते. मोठ्या कंपन्यांचा परिचालन नफा शंभर रुपयांच्या विक्रीमागे साधारण वीस ते पंचवीस रुपयांच्या आसपास राहतो. धान्याच्या व्यापाऱ्याला हे प्रमाण स्वप्नवत वाटेल, हा भाग वेगळा. शिवाय नव्या पदवीधराचे बिल पहिल्या दिवसापासून लागत नाही. काही महिने तो शिकत असतो आणि कंपनी त्याच्यावर खर्च करत असते. पुढची दोन-तीन वर्षे कंपनी तो खर्च वसूल करते. पूर्वी मुंबईच्या किंवा सोलापूरच्या पेढीवर पोरगा उमेदवारीला ठेवत, तेव्हाही हाच अलिखित करार असे. फरक इतकाच की आता तो लेखी असतो आणि कोणी वाचत नाही.

गोदामात पडून राहिलेल्या मालालाही या धंद्यात नाव आहे. ज्याला सध्या कोणत्याही ग्राहकाचे काम नेमून दिलेले नाही असा कर्मचारी ‘बेंचवर’ असतो. पगार मिळतो, पण बिल लागत नाही. पडून राहिलेल्या पोत्याला कीड लागते, तशी बेंचवरच्या माणसाची किंमत दर महिन्याला घटते. २०२५ मध्ये टीसीएसने नियम केला की कर्मचाऱ्याने वर्षातील २२५ दिवस बिल लागणाऱ्या कामावर असावे आणि बेंचवरचे दिवस ३५ हून अधिक नसावेत. त्याच वर्षी जुलैत या कंपनीने सुमारे १२,००० माणसे, म्हणजे मनुष्यबळाच्या दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मुख्यतः मधल्या आणि वरच्या पायरीवरचे लोक होते. तेव्हा पहिल्या नोकरीतला पहिला धडा हा की काम नेमून मिळण्याची वाट पाहत बसू नये. कोणत्या प्रकल्पात माणूस हवा आहे हे विचारत फिरावे. गिऱ्हाईक दुकानात येईल म्हणून बसून राहणारा व्यापारी जाधववाडीत फार काळ टिकत नाही, हे त्या मुलीने लहानपणापासून पाहिलेले असते.

आता ते नेमणूकपत्र. ते मोबाइलवर वाचू नये, कागदावर छापून घ्यावे आणि आडतीची पट्टी तपासतात तसे ओळीवर बोट ठेवून तपासावे.

वर्षाला ३,६०,००० हा आकडा कंपनीला पडणारा खर्च आहे, तो हातात पडणारा पगार नव्हे. मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता आणि पुष्कळदा कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम त्यातच धरलेली असते. शिवाय कर्मचाऱ्याच्या वाट्याचा निधी कापला जातो. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, असा वर्षाला २,५०० रुपये जातो. एवढ्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत प्राप्तिकर पडत नाही. सारे वजा जाता हाती पंचवीस-सव्वीस हजार आले तर गणित बरोबर आहे. पुण्यात सामायिक खोली, जेवण आणि रोजचा प्रवास यांत त्यातले निम्म्याहून अधिक सहज जाते. पहिल्या वर्षी घरी पैसे येतील ही अपेक्षा घरच्यांनी ठेवू नये. ते आले नाहीत म्हणून मुलीची कुवत कमी असेही मानू नये. नव्या पदवीधराचा हा साडेतीन लाखांच्या आसपासचा आकडा गेली दहा-बारा वर्षे जागचा फारसा हललेला नाही. मागणीपेक्षा आवक जास्त असली की भाव कसा दबतो, हे मोंढ्याला शिकवावे लागत नाही.

दुसरी ओळ रुजू होण्याच्या तारखेची. नेमणूकपत्र म्हणजे सौदा, रुजू होणे म्हणजे मालाची पोच, आणि सौदा व पोच यांच्यामध्ये बाजार फिरू शकतो. २०२२ मध्ये इन्फोसिसकडून नेमणूकपत्रे मिळालेल्या अनेक पदवीधरांना रुजू होण्यासाठी दोन वर्षांहून अधिक वाट पाहावी लागली. ते अखेर म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रात गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्यापैकी तीनशेहून अधिक जणांना कमी करण्यात आले. तीन संधी देऊनही अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण झाले नाहीत, असे कंपनीने कारण दिले. पुण्यातील नाइट्स या कर्मचारी संघटनेने तक्रार केली आणि केंद्रीय कामगार मंत्रालयाने कर्नाटकच्या कामगार खात्याला लक्ष घालण्यास सांगितले. कोणाची बाजू किती खरी हा वाद बाजूला ठेवला तरी दोन गोष्टी उरतात. तारीख हातात पडेपर्यंत शिकणे आणि अन्य अर्ज थांबवू नयेत. आणि प्रशिक्षणातील परीक्षा ही औपचारिकता नाही, खरी छाननी तिथेच होते. महाविद्यालयातील शेवटचे सहा महिने सत्कार स्वीकारण्यात घालवलेल्या मुलांना हे उशिरा कळते.

तिसरी ओळ बाँडची. अमुक महिन्यांच्या आत सोडल्यास अमुक रक्कम भरावी लागेल, असे त्यात लिहिलेले असते. “असला बाँड कोर्टात टिकत नाही” हे वाक्य प्रत्येक विवाहसमारंभात कोणीतरी ठामपणे सांगते. ते अर्धसत्य आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसाय करण्यावर बंधन घालणारा करार निरर्थक ठरतो, हे खरे. पण मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे सेवेची आणि त्याआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तेथे मुद्दा नोकरी चालू असतानाच्या बंधनाचा होता आणि भरतीवरचा खर्च वाया जातो ही बँकेची बाजू ग्राह्य धरली गेली. खासगी कंपनीचा प्रत्येक बाँड त्यामुळे आपोआप वैध होत नाही. तरी सही करताना ती पाळण्याच्या तयारीनेच करावी. हुंडीवर सही करून मग वकील शोधणाऱ्याची पत बाजारात काय राहते, हे आजोबा सांगू शकतील.

मूळ शैक्षणिक प्रमाणपत्रे कोणी ताब्यात मागत असेल, तर मात्र सरळ नकार द्यावा. तपासून परत देणे वेगळे, ठेवून घेणे वेगळे.

इथे ‘कन्सल्टन्सी’ या शब्दाचा एक फसवा जुळा भाऊ भेटतो. मराठवाड्यातील शहरांत या नावाची पाटी नोकरी लावून देणाऱ्या कार्यालयांवरही असते. त्यातील काही सचोटीने चालतात आणि पैसे कंपनीकडून घेतात. काही मात्र उमेदवाराकडून हजारो रुपये घेतात आणि त्या बदल्यात दोन किंवा तीन वर्षांच्या अनुभवाचे दाखले, पगाराच्या चिठ्ठ्या, कधीकधी मुलाखतीत दुसऱ्याच माणसाचा आवाजही पुरवतात. कॅम्पस मुलाखतीत निवड न झालेला मुलगा घरी खाली मान घालून बसलेला असतो, शेजारच्या मुलाचे पेढे येऊन गेलेले असतात, आणि नेमक्या त्या आठवड्यात हा मार्ग कोणीतरी सुचवतो. “सगळेच करतात” हे सुचवणाऱ्याचे ठरलेले शब्द.

व्यवहाराच्या दृष्टीने हा सौदा बुडीत आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या एकाच क्रमांकाखाली कुठे किती काळ काम केले याची नोंद राहते, कंपन्या ती पाहतात आणि खोटा अनुभव दोन वर्षांनीही उघडा पडतो. पण केवळ पकडले जाण्याच्या भीतीवर हा विषय सोडणे या मासिकाच्या वाचकांना शोभणारे नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे अतिचार सांगताना मापातील कमी-जास्तपणा आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे चांगल्याच्या नावाखाली हलके खपवणे, हे दोन्ही चोरीच्या घरातले दोष मानले आहेत. नमुना एका प्रतीचा आणि पोत्यात दुसरी प्रत, हा मोंढ्यातला ओळखीचा लबाडपणा. नवख्या मुलाला तीन वर्षांचा अनुभवी म्हणून उभे करणे त्याहून काय वेगळे आहे? क्वचित लहान सल्लागार कंपन्याच ग्राहकापुढे असे करतात आणि नव्या कर्मचाऱ्याला फक्त मान डोलवायला सांगतात. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या मुलीला कोणता आधार असतो? घरात कधीतरी काट्यावरून झालेले बोलणे, एवढाच.

काटा या नोकरीतही आहे. दर शुक्रवारी कर्मचाऱ्याला टाइमशीट भरावे लागते. कोणत्या कामाला किती तास दिले ते त्यात लिहायचे असते आणि त्यावरूनच ग्राहकाचे बिल निघते. सहा तासांत काम संपले आणि आठ लिहिले, तर तो वजनातला फरक आहे. उलट बाजूही तितकीच खरी. वरिष्ठ नाराज होतील या भीतीने दहा तास काम करून आठच लिहिणारी मुले पुष्कळ असतात. त्याने पुढच्या कामाचा अंदाजच चुकतो, कारण आठ तासांत हे होते असा समज कागदावर पक्का होतो. खरे तास लिहिले आणि त्यावर प्रश्न आला, तर त्या दिवशी कोणते काम केले हे सांगता यावे म्हणून रोज संध्याकाळी स्वतःच्या वहीत दोन ओळी टिपून ठेवाव्यात. रोजमेळ लिहिणाऱ्यांच्या घरात ही सवय नवी नाही. एक-दोन वर्षांनी बढतीची चर्चा होते तेव्हा ही वहीच कामाला येते, कारण कोणी काय केले ते वरिष्ठांना आठवत नसते.

कामाच्या आशयाबद्दल थोडेच सांगायचे. पहिले वर्ष बहुधा दुसऱ्याने लिहिलेला जुना प्रोग्राम वाचण्यात, त्यातील चुका दुरुस्त करण्यात आणि चाचण्या घेण्यात जाते. त्यात कमीपणा नाही. अलीकडे यातील सोपा भाग कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही मिनिटांत करून टाकतात, त्यामुळे केवळ प्रोग्राम लिहिता येणे पुरेसे राहिलेले नाही. ग्राहकाचा धंदा समजणे याला मोल आले आहे. बिल, उधारी, परतावा, साठा, जीएसटी हे शब्द ज्या मुलीने जेवताना ऐकले, तिला एखाद्या किरकोळ विक्रीच्या साखळीचा किंवा बँकेचा प्रकल्प वर्गमित्रांपेक्षा लवकर उमगतो. दुकानात बसलेल्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या अर्जात लिहायला मुले लाजतात. मुलाखत घेणारा शहाणा असेल, तर त्याच ओळीवर थांबतो.

राहता राहिला घराबाहेर पडण्याचा प्रश्न, आणि खरे तर घरात सर्वांत जास्त चर्चा त्याचीच होते. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा येथील कारखाने यंत्र शाखेच्या अभियंत्याला सामावून घेतात. संगणक शाखेचा पदवीधर मात्र बहुधा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याची वाट धरतो. परगावी शिकणाऱ्यांसाठी समाजाने वसतिगृहे उभारली त्यामागे हीच जाण होती. पुण्यातील मॉडेल कॉलनीच्या सेठ हिराचंद नेमचंद जैन बोर्डिंगची जागा विकली जाणार असे कळताच २०२५ मध्ये समाज एकवटला आणि तो व्यवहार रद्द झाला. त्या वेळी कित्येक ज्येष्ठांना आपल्या तरुणपणीची खोली आठवली. विद्यार्थ्यांसाठी जे झाले तसे पहिल्या नोकरीतल्या मुलामुलींसाठी फारसे झालेले नाही. हिंजवडी किंवा खराडी परिसरात कांदा-लसूण नसलेला, सूर्यास्तापूर्वीचा डबा देणारी सोय एखाद्या मंडळाने उभी केली, तर ती रिकामी राहणार नाही.

मुलगी असल्यास रात्रीच्या पाळीबद्दल आधीच विचारावे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीशिवाय कामावर बोलावता येत नाही आणि संमती असेल तर सुरक्षेची व वाहनाची व्यवस्था मालकावर असते. हा प्रश्न विचारल्याने नोकरी जात नाही. काकांनी फोन करून विचारू नये, मुलीनेच मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे.

त्या हर्सूलच्या घरात शेवटची शंका आजींची असेल. चौविहाराचे काय? उत्तर घड्याळात आहे. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे भारतात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे ग्राहकाशी बोलणे सुरू होण्याआधी डबा उघडायला वेळ आहे, पण तो पावणेसहापूर्वी हाताशी असला पाहिजे आणि त्या पंधरा मिनिटांसाठी उठण्याची मोकळीक गटप्रमुखाकडून पहिल्याच आठवड्यात मागून घेतली पाहिजे. डबा कोण देतो, किती वाजता देतो आणि दशलक्षणात किंवा पर्युषणात उकळलेले पाणी मिळेल का, एवढी चौकशी आजी फोनवर करून ठेवतील. नेमणूकपत्र तोवर आजोबांच्या समोर, चष्म्याच्या घराखाली, तिसऱ्या पानावर उघडे आहे.